वाघावर चालून जाणारा सांड

आमच्या भागात शाळेत अवेळी फोन आला की मनात पहिल्यांदा वाघच येतो. मी नागभीडला शिकवते. फोनवर सोमा होता, आमच्या गावाची गुरं जंगलात चारायला नेणारा गायकी. "बाई, नामाभाऊ गेले." माझ्या मोठ्या भावाचं नाव ऐकून मी एवढंच विचारलं, "वाघानं?" तो नुसता रडत राहिला... मग म्हणाला, "नाई बाई. आपल्याच सांडानं." छातीत शिंग घालून त्यानं भावाला गोठ्याच्या भिंतीशी दाबलं होतं. मी पोचेपर्यंत भिंतीवरचं रक्त कुणीतरी शेणानं सारवून टाकलं होतं. कशाला घाई केली, म्हणून मी तिथल्या बायांवर ओरडले.

गावाच्या गायींसाठी सांड निवडायचं काम नामाभाऊचं. कुणी नेमलं नव्हतं, पण गोऱ्हा वयात आला की लोक त्यालाच बोलवायचे. आधी तो त्याला चालवून बघे, खूर पाही, मागून हात घालून अंड चाचपे. दोन्ही सारखी भरलेली नसली तर "बडवा याले, बैल होईन" म्हणून मोकळा. शेवटची परीक्षा मात्र त्याची स्वतःची. पोत्याची खोळ डोक्यावर ओढून, वाकून, वाघासारखा गुरगुरत तो गोऱ्ह्याच्या अंगावर जाई. पळाला तो बाद, थिजला तोही बाद. शिंगं खाली घालून धावून येईल तोच गावाचा सांड! यात त्याच्या फासळ्या मोडल्या, समोरचा दात पडला, तरी ती फट दाखवत हसायचा. गुरांचे डॉक्टर सांगत, सांड गरीबच निवडावा. त्यांचं चुकीचं नव्हतं. पण हा ऐकतो कसला! "साहेब, आमच्या गायी जंगलात चरते. वाघ आला तं गरीब सांड का करन? आधी थोच पळन."

हा सांड पळाला नाही. त्या दिवशी वाघानं सोमाच्या डोळ्यांदेखत कालवड पाडून तिचं नरडं धरलं. गायी उधळल्या, हा एकटा वळला आणि त्यानं वाघाला शिंगांवर घेऊन फेकलं. वाघानंही जाताना त्याच्या मानेचं मांस ओरबाडून नेलं. कळप गावात आला तेव्हा रक्त त्याच्या खुरापर्यंत ओघळलं होतं. पाऊस चालू होता. नामाभाऊ हळद घेऊन लगबगीनं निघाला आणि पाऊस म्हणून पोत्याची खोळ डोक्यावर ओढली... जखम बघायला वाकला, तसा सांड अंगावर आला. ज्या रूपावर धावून जायला त्यानंच शिकवलं होतं, ते रूप घेऊन तो गोठ्यात शिरला होता. जन्मभर जनावरं पारखणाऱ्याला एवढं कळू नये? मी त्याच्यावर अजून चिडलेली आहे.

भावाला पोचवून आलो तर माणसं कुऱ्हाडी घेऊन गोठ्याशी उभी. सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडत होते, "तोडा त्याले!" वहिनी दारात आडवी आली. "कोनी हात नाई लावाचा. उद्या गायी कोनाच्या भरवशावर धाडता?" सोमानं मान खाली घातली. मग वहिनीनं आम्हां सगळ्यांसमोर डोक्यावरचा पदर खाली घेतला. लग्न होऊन आल्यापासून तिचं उघडं डोकं गावानं पाहिलं नव्हतं. तोंड सांडाला नीट दिसेल अशी, त्याच्याशी बोलत ती आत गेली. त्याच्या शिंगांवर माझ्या भावाचं रक्त वाळलं होतं. तिनं त्याच्या मानेच्या जखमेत ओंजळभर हळद दाबली. तो थरथरत उभा राहिला. बाहेर आल्यावर तिनं दगड उचलून त्याच्या कपाळावर हाणला. दुसरा हाणला. तिसऱ्याला हात उचलेना, तेव्हा तिथंच बसून तिनं हंबरडा फोडला.

जखम भरली तशा गायी पुन्हा त्याच्यामागं जंगलात गेल्या. मी त्या दिवशी गावातच होते. संध्याकाळी कळप आला, वहिनी दारात उभी राहून एकेक गाय बघत होती. एकही कमी नव्हती. मला त्याचाही रागच आला.