इन्स्पेक्टरबाईंचा शनिवार

इन्स्पेक्टरबाई कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करून बघायच्या. मग तो मिक्सर असो नाहीतर कुणी वाढदिवसाला दिलेली फुलदाणी. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात माल तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. "वरून सगळंच चांगलं दिसतं," असं म्हणून त्या खालचे स्क्रू बघायला लागायच्या. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी आम्हाला धरलं.

आम्ही म्हणजे आसपासची, स्वतःचं काहीतरी सुरू करायला निघालेली मंडळी. एकजण बॅटरीवरची हातगाडी बनवत होता, दोघी बहिणी नाचणीचे नूडल्स करत होत्या. दर शनिवारी विहारातली वंदना उरकली की नऊ वाजता बाजूच्या हॉलमध्ये सतरंज्या पडायच्या. बाकीचं पुणं याला स्टार्टअप म्हणतं, बाई ‘उद्योग’ म्हणायच्या. "काय उद्योग केलेत या आठवड्यात?" असं त्यांनी विचारलं, की ते कुठल्या अर्थाने हे आपलं आपण समजून घ्यायचं.

मी हिंजवडीतली नोकरी सोडून माझा मित्र प्रणव याच्याबरोबर एक यंत्र केलं होतं. सोसायटीच्या टाकीत पाणी किती उरलंय, ते मोबाइलवर दाखवणारं. पहिल्या शनिवारी मी लॅपटॉप उघडला. बाईंनी तो हळूच मिटला.

"वस्तू आणलीस?"

"हो, पण आधी मार्केट किती मोठं आहे ते..."

"तुमच्या वॉचमनला दाखवलीस का?"

नव्हती दाखवली. संध्याकाळी दाखवली. वॉचमन म्हणाला, "ताई, मोबाइल माझा, रिचार्ज माझा, आणि पाणी तुमचं. मला आपला भिंतीवर एक लाल दिवा द्या." आमचं सहा महिन्यांचं ॲप बाजूला पडलं आणि भिंतीवर दिवा लागला, पाणी असेल तोवर हिरवा, संपत आलं की लाल. तो मात्र खपला.

हॉलमध्ये बाईंनी आणखी एक जमात आणून बसवली होती. कारखान्याच्या क्वार्टर्समधले निवृत्त फिटर, टर्नर, वेल्डर. सुरुवातीला ही काका मंडळी भिंतीला टेकून नुसती चहा प्यायची. मग बाई म्हणायच्या, "अगं, शेजारी कोण बसलंय ते विचारलंस का? लग्नाला आल्यासारखी काय बसलीस?" मदत मागणाऱ्याने आधी दुसऱ्या कुणाला तरी मदत करायची, हा त्यांचा नियम. त्यामुळे मी नूडल्सच्या पाकिटांवरचा मजकूर लिहून दिला आणि प्रणवने हातगाडीचं वायरिंग सुधारलं.

खरी परीक्षा पुढे झाली. आमच्या यंत्राच्या डबीत पाणी शिरलं आणि एका सोसायटीत टाकी रिकामी असताना दिवा हिरवाच राहिला. नेमका त्याच दिवशी तिथे एका मुलीचा साखरपुडा होता. घरात साठ पाहुणे आणि नळाला थेंब नाही. अशा डब्या आणखी अकरा सोसायट्यांत बसल्या होत्या. प्रणवने फोन बंद करून ठेवला. मी जुन्या साहेबांना नोकरीसाठी मेल लिहिली. पाठवायच्या आधी बाईंना सांगायला गेले.

त्यांनी डबी उलटी केली, झाकणाच्या कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाल्या, "चूक साधी आहे. पण आधी माफी, मग दुरुस्ती. चल."

गुडघे दुखत असताना त्या माझ्याबरोबर त्या घराचे तीन जिने चढल्या. मुलीच्या आईने दार उघडलं आणि मनसोक्त बोलून घेतलं. बाईंनी मला मध्ये तोंड उघडू दिलं नाही. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. पोरीने माल बघून घेतला नाही. मीही घेतला नाही." ते दुसरं वाक्य मला अजून टोचतं, कारण त्यांची काहीच चूक नव्हती.

पुढच्या शनिवारी गायकवाड फिटरकाकांनी झाकणांखाली बसवायला रबराच्या चकत्या कापून आणल्या. हॉलमधले सगळे दोघं-दोघं वाटून बाराही गच्च्यांवर गेले. नूडल्सवाल्या बहिणीसुद्धा पान्हा घेऊन चढल्या. दुपारपर्यंत सगळ्या डब्यांत चकत्या बसवून झाल्या. ती मेल मी पुसून टाकली.

मग आमचं नाव थोडं पसरलं. एक गृहस्थ आले आणि हा मेळावा मोठ्या हॉटेलात, गळ्यात ओळखपत्रं घालून भरवू म्हणाले. बाईंनी विचारलं, "तिथे भोक पाडायची मशीन चालवू देतील का?" ते गृहस्थ परत आले नाहीत.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी अगदीच असहकार पुकारला, तेव्हा मुलीने बाईंना कोल्हापूरला न्यायचं ठरवलं. निरोप समारंभाला त्यांची बंदी होती. मी आणि प्रणव स्वारगेटला गाडीत बसवून द्यायला गेलो, तर म्हणाल्या, "कामाच्या दिवशी दोघं कशाला आलात? एक पुरला असता." गाडी हलल्यावर मात्र खिडकीतला हात बराच वेळ आत गेला नाही.

त्यानंतरच्या शनिवारी मी हॉलकडे निघाले ते कुलूप बघायच्या तयारीने. दार उघडं होतं. जो तो हेच मनात धरून आला होता, की दुसरं कुणी येणार नाही, निदान आपण तरी जावं. एक नवीन मुलगी कापडी पिशवी छातीशी धरून दारात उभी होती. "इन्स्पेक्टरबाई कोण?" तिने विचारलं. गायकवाडकाका सरकून बसले आणि म्हणाले, "ये, बस. काय केलंयस ते काढ बाहेर."

संध्याकाळी मी बाईंना फोन केला.

"किती जण होते?"

"सतरा."

"मी असताना चौदाच्या वर कधी गेले नाहीत." त्यांनी तो आकडा पुन्हा एकदा म्हणून बघितला. "म्हणजे मीच आडवी येत होते की काय?"

मी काही बोलणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "बरं, त्या नव्या मुलीने काय आणलं होतं? सावकाश सांग, मला घाई नाही."