हरिभाऊंनी चार्ज घेतला

भिलाईतल्या आमच्या रिसालीच्या गल्लीत मंगळवारी आणि शनिवारी सकाळी दहा ते साडेअकरा कुणी कुकर लावत नाही. हा नियम महापालिकेचा नाही, हरिभाऊ ढोक्यांचा आहे. त्या वेळात ते फाटकाशी खुर्ची टाकून बसतात. भाजीवाला वळला की उठतात, त्याचा ठेला स्वतः ढकलत कोपऱ्यापर्यंत नेतात आणि अर्धा किलो भेंडी घेऊन त्याची समजूत काढतात. गंमत अशी की हरिभाऊंचा डावा कान साठीनंतर कामातून गेला आणि उजवा मनाला येईल तेव्हा चालतो. अशा माणसानं गल्लीची शांतता राखायची! मी एकदा म्हटलं, "हरिभाऊ, तुम्ही 'चूप, चूप' म्हणता तेच सगळ्यात जास्त ऐकू येतं." तर म्हणाले, "हाव, चारू बी हेच म्हणते." पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

चारू म्हणजे चारुलता, त्यांची एकुलती एक मुलगी. आतल्या खोलीत भिंतींना गाद्या टेकवून ती त्या दोन दिवशी पॉडकास्ट रेकॉर्ड करते. नाव 'सोमवार की मीटिंग'. साहेबाशी कसं बोलावं, पगारवाढ कशी मागावी, हाताखालच्या माणसाला न दुखवता त्याची चूक कशी दाखवावी, असलं सगळं त्यात असतं. ती हिंदीतून बोलते आणि दर सोमवारी पहाटे नवा भाग येतो. अकरा हजार लोक ऐकतात म्हणे. मी शेजारीण रत्नमाला. शाळेत तीस वर्षं ग्रंथालय सांभाळलं, त्यामुळे दुसऱ्यांना गप्प बसवायची कला मला येते, स्वतः गप्प बसायची नाही.

हरिभाऊ पोलादाच्या प्लांटमध्ये रोलिंग मिलला क्रेन चालवायचे. छत्तीस वर्षं. जमिनीपासून चार मजले उंच केबिनमध्ये एकटा माणूस, खाली लालभडक लोखंड. अमरावतीकडून आलेला हा गडी स्वभावानं इतका मऊ की बायको होती तोवर तिच्या हातचं मीठ कमी पडलं तरी बोलायचा नाही, वरून घ्यायचा नाही, तसंच खायचा. तीन वर्षांपूर्वी ती गेली. चारू तेव्हा रायपूरच्या एका कंपनीत होती, बढती तोंडावर आली होती. आईच्या आजारपणात नोकरी सोडून आली ती परत गेलीच नाही. पॉडकास्ट सुरू झाला तो आईच्या उशाशी बसून, फोनवर. आपली नोकरी सोडून बसलेली मुलगी जगाला नोकरीत पुढे कसं जावं ते सांगत होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, हे मी तिला तोंडावर म्हटलं आहे. ती हसली होती.

मागच्या महिन्यात मात्र ती हसली नाही. माझ्या स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, हैदराबादहून बोलावणं आलं आहे. पॉडकास्ट ऐकूनच. आठ माणसांची टीम माझ्याकडे देऊन राहिले. पुढच्या शुक्रवारपर्यंत सांगायचं आहे."

"मग सांग की! कशाची वाट पाहतेस?"

"बाबांचं काय?"

"बाबांना विचारलंस?"

"नाही. विचारलं तर ते जा म्हणतील. मनात नसलं तरी म्हणतील. तुम्ही पण सांगू नका. शप्पथ आहे माझी."

मला असा राग आला! अकरा हजार लोकांना 'खुलकर बात कीजिए' म्हणून सांगणारी ही पोरगी घरातल्या एका माणसाशी बोलायला घाबरत होती. पण शप्पथ घातली होती. चार दिवस मी हरिभाऊ दिसले की आत जात होते, कारण समोर आले असते तर मी बोलून टाकलं असतं.

सोमवारी सकाळी सातला हरिभाऊच माझ्या फाटकात आले. मैदानाला चकरा मारताना ते उजव्या कानात वायर घालून मुलीचा नवा भाग ऐकतात, आवाज इतका मोठा की मागून चालणारेही ऐकतात. आज वायर गळ्यात लोंबत होती.

"ताई, आजची चिठ्ठी कोनाची आहे?"

दर सोमवारी चारू एका श्रोत्याची चिठ्ठी वाचून तिला उत्तर देते. तो भाग मी पहाटेच ऐकला होता, तरी म्हटलं, "मला काय ठाऊक? बिलासपूरच्या कुणा कीर्तीची असेल."

"हाव, बिलासपूरची कीर्तीच म्हटलं तिनं. तिले बाहेरगावची नोकरी आली, घरी म्हातारा बाप एकटा. आता सांगा, बिलासपूरचा बाप बी चहात बिस्किट बुडवता बुडवता झोपते का? बिस्किट कपात पडते, मंग चमच्यानं काढते?"

मी शप्पथ पाळली. पण माझ्या तोंडाकडे पाहून त्यांना जे कळायचं ते कळलं.

"आणि उत्तर काय दिलं माहीत आहे? म्हने, माझ्या पप्पांनी शिकवलं आहे, रिलीव्हर आल्याबिगर जागा सोडाची नाही. म्हणून कीर्ती, तू जाऊ नको." हरिभाऊ फाटकाला धरून उभे होते. "माझ्या नावानं सांगतलं, ताई. माझ्या नावानं पोरगी घरी बसून राहिली."

प्लांटमधला हा नियम भिलाईत लहान मुलांनाही माहीत असतो. शिफ्ट संपली तरी आपल्या जागेवर येणारा माणूस, म्हणजे रिलीव्हर, समोर उभा राहीपर्यंत हलायचं नाही. त्याला मशीनची हालत सांगायची, रजिस्टरमध्ये दोघांनी सही करायची, म्हणजे चार्ज दिला-घेतला, मग डबा उचलायचा. रिलीव्हर आला नाही तर डबल ड्यूटी. चारू लहान असताना बाप कितीदा तरी असा सोळा सोळा तासांनी घरी आला होता.

"नियम खराच आहे की," मी म्हटलं.

"अर्धा आहे. रिलीव्हर शोधाचं काम ड्यूटीवरच्या मानसाचं नसते. ते इनचार्जचं असते. त्यानं बदली मानूस पाठवाचा. अर्धा नियम सांगून राहिलो मी पोरीले, पुरा सांगतलाच नाही." आणि ते तरातरा निघून गेले. त्यांना इतकं भराभर चालताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मंगळवारी रेकॉर्डिंग झालं, नेहमीसारखी भेंडी आली. बुधवारी दुपारी पावणेदोनला मला निरोप आला, दोनला या. दोन म्हणजे सेकंड शिफ्टची वेळ. गेले तर चारू टेबलाशी गोंधळून बसलेली आणि हरिभाऊ समोर उभे. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायांत चक्क बूट. टेबलावर एक नवं कोरं रजिस्टर.

"वाच," त्यांनी मुलीला सांगितलं. "मोठ्यानं वाच, मले ऐकू आलं पाहिजे."

चारू वाचू लागली. "मशीन, हरिभाऊ ढोके. बनावट १९५६, अमरावती. चालू हालत. बीपीची गोळी सकाळी आठला, स्वतः घेतो. डावा कान बंद. उजवा गुडघा जिना चढताना आवाज करते, धोका नाही. वरण-भात येतो, भाज्या दोन येतात, पोळी गोल होत नाही पण पचते." इथवर ती हसत होती. "नेहमीचा बिघाड. चारूच्या आईची आठवण आली की दुपारचं जेवत नाही. उपाय, शेजारच्या ताईकडे जाऊन बसणे. त्या रागावतात. मग भूक लागते."

मी पदर डोळ्यांना लावला. मला न विचारता माझं नाव रजिस्टरमध्ये घातलं म्हणून नंतर भांडायचं, असंही तेव्हाच ठरवलं.

चारू खाली पाहत म्हणाली, "चार्ज देणार, चारुलता. चार्ज घेणार, हरिभाऊ. बाबा, हे काय आहे? मशीननंच मशीनचा चार्ज घ्यायचा?"

"कावून नाही? तुई आई गेली तवापासून तू डबल ड्यूटी करून राहिली. तीन वर्षं! रिलीव्हर पाठवाचं काम माझं होतं. मले वाटे, तुले जाचं असलं तर तू सांगशील. तुले वाटे, मी एकटा राहू शकत नाही. आता मी जागेवर येऊन उभा आहे. माझी सही झाली. तू कर."

"आणि पडलात, आजारी झालात तर?"

"तर फोन करीन. लपवनार नाही. हे बी लिवलं आहे, खाली पाह." खरंच लिहिलं होतं, लाल शाईनं.

चारूनं पेन हातात घेतला आणि खूप वेळ तसाच धरून ठेवला. हरिभाऊ बसले नाहीत. गुडघा दुखत असणार, तरी सरळ उभे होते. शेवटी तिनं सही केली. अक्षर वाकडं आलं.

हरिभाऊंनी रजिस्टर मिटलं. "आता एक ध्यानात ठेव. सही झाली की जुन्या मानसानं मशीनले हात लावाचा नाही. मागं वळून पाहाचं नाही, गेटच्या बाहेर जाचं. तो फोन कर हैदराबादले. मी तोंड धुऊन येतो."

ते न्हाणीघरात गेले, दार लावलं, नळ पूर्ण सोडला. बिचाऱ्याला वाटलं असेल, एवढं पाणी पुरेल. पण आपला आवाज किती मोठा निघतो याचा त्यांना अंदाजच नव्हता. नळावरून, बंद दारातून तो आम्हा दोघींना स्वच्छ ऐकू येत होता. छत्तीस वर्षं केबिनमध्ये एकटा बसलेला माणूस असा रडू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

चारू खुर्ची ढकलून उठली. मी तिचा दंड धरला आणि तिला खाली बसवलं.

"सही केलीस ना?" मी म्हटलं. "फोन लाव."