ठेवणीतला फोर बाय फोर

बोरीवलीत राहून ऑफिसात खुर्ची झिजवणाऱ्या माणसाला पिकअप ट्रक कशाला लागतो, हा प्रश्न आमच्या सोसायटीत सगळ्यांना पडला होता. माझं उत्तर तयार होतं: बाबांसाठी. आमच्या गावच्या घराकडे जाणारी पाणंद पावसात लाल चिखलाने भरते. बाबांचे गुडघे गेल्यावर एका गणपतीत भावकीतल्या पोरांनी त्यांना खुर्चीत बसवून उचलून वर नेलं. बाबांना ते फार लागलं. "खुर्चीत बसान मी परत जावचंय नाय," म्हणाले आणि खरंच गेले नाहीत.

म्हणून मी चारही चाकांना जोर देणारी सेकंडहँड गाडी घेतली. सोसायटी तिला टेम्पो म्हणायची. मी येईल त्याला मोठ्या गियरशेजारचा, चारही चाकांचा जोर चालू करणारा छोटा दांडा दाखवायचो आणि हात लावू द्यायचो नाही. डांबरावर वापरला तर खराब होतो, तो गावच्या चिखलासाठी आहे, असं माझं प्रवचन असायचं.

यंदा श्रावणात गणपतीआधीची रंगीत तालीम म्हणून आम्ही तिघं, बाबा, बायको आणि मी, जवळच्या मातीच्या मैदानात गेलो. मी ऐटीत दांडा ओढला. ढिम्म हलला नाही. दोन्ही हातांनी ओढला, मग पाय टेकवून ओढला. फ्यूज बदलला. मोबाइलवर कुठल्याशा भाषेतला व्हिडिओ बघून जुना रेनकोट अंथरून गाडीखाली शिरलो आणि एक नट घट्ट केला. तो कशाचा होता ते मला अजून कळलेलं नाही. बाबा पुढच्या सीटवर बसले होते. त्यांचं गावाला जाणं त्या दांड्यावर अडलं होतं आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

बायको छत्री घेऊन खाली वाकली. "घेतल्यापासून एकदा तरी लावलायस का रे?"

"नाही. खराब झाला असता ना."

"म्हणजे कपांसारखा."

आमच्या शोकेसमध्ये लग्नात आलेला काचेच्या कपांचा सेट आहे. त्यातून चहा द्यावा एवढा मोठा पाहुणा अजून आमच्याकडे आलेला नाही. मी पुन्हा खाली शिरलो. दांड्याला जोडलेली सळी पडून पडून गंजली होती. तेल मारलं, थांबलो, हातोडीने हलके ठोकत राहिलो. मग गाडी मातीत पुढेमागे करत दांडा ओढला. खट् आवाज आला आणि समोर हिरवा दिवा लागला.

"कित्याक अडाकलेलो?" बाबांनी विचारलं.

"वापरला नाही म्हणून. गणपतीसाठी जपून ठेवला होता."

बाबा जरा वेळ गुडघे चोळत राहिले. "मग गणपतीची वाट कित्याक बघूची? उद्याच जाव्या."

मी रजा, पाऊस, घाटातले खड्डे असं काहीबाही सुरू केलं.

"मी पण ठेवणीतलोच झालंय," ते म्हणाले.

मला स्वतःची लाज वाटली. तिथूनच साहेबांना फोन लावून रजा मागितली. भरपूर शिल्लक होती. तीही मी गणपतीसाठीच साठवून ठेवली होती.