मास्तरीणबाईंची पानिपतची बातमी

मास्तरीणबाई बातमी छापायला देण्याआधी ज्यांच्याबद्दल असेल त्यांना जाऊन वाचून दाखवत. झोपडीत, बसस्टॉपवर, कारखान्याच्या फाटकाशी, कुठेही. म्हणून नोएडातल्या आमच्या वर्तमानपत्राच्या ऑफिसनं त्यांना 'मास्तरीणबाई' हे नाव कुचेष्टेनं ठेवलं होतं. ते ऑफिस म्हणजे भुकेवर लेख लिहून झाला की जेवायला काय मागवायचं यावर तासभर खल करणाऱ्यांचं. पुण्याहून आलेली मीही लवकरच त्यातली झाले.

बाईंची जीभ तिखट. पुरस्कारांनी कपाट भरलेल्या आमच्या संपादकांबद्दल त्या म्हणत, "गरिबीवर बोलून बोलून पोट सुटलंय बिचाऱ्याचं." माझं एखादं नटवलेलं वाक्य दिसलं की चष्मा कपाळावर चढवून विचारत, "हे कुणासाठी गं? जिची बातमी तिच्यासाठी की तुझ्यासाठी?" मला संताप यायचा. दुसऱ्या दिवशी त्या दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या क्वार्टरमधून माझ्यासाठी थालीपीठ घेऊन येत आणि संताप टिकत नसे.

पानिपतला परदेशातून आलेले जुने कपडे फाडून त्यांचं सूत काढतात. तिथल्या धुळीनं खोकून बेजार झालेल्या कमलानं आम्हाला सगळं सांगितलं. अट एकच, ती ओळखू येता कामा नये, नाहीतर काम जाईल. बातमी तयार झाली आणि बाई तापानं आडव्या झाल्या. वाचून दाखवायला त्यांनी मला पाठवलं. मी पानिपतला न जाता दिल्लीतच करोल बागेत खरेदी केली आणि वाचून दाखवली म्हणून ठोकून दिलं. वर कमलाला काम करताना पाहिलेलं 'डाव्या हातानं बटणं कापणारी' एवढं कुणाला न विचारता घातलं, वाचायला छान वाटावं म्हणून.

बातमी गाजली. तिसऱ्या दिवशी कमलाला कामावरून काढलं.

मी वाचून दाखवलंच नव्हतं, हे बाईंच्या लक्षात आलं. ताप उतरताच त्यांनी मला पानिपतला नेलं, कमलाच्या दारात उभं केलं आणि छापलेली बातमी वाचायला लावली. बटणांपाशी कमलानं मला थांबवलं.

"दीदी, उल्टे हाथ से तो वहाँ बस मैं ही काटती थी," ती म्हणाली. "पहले सुना देतीं, तो मैं बता देती."

परतीच्या बसमध्ये बाई एवढंच म्हणाल्या, "संपादकसाहेब ही बातमी पुरस्काराला पाठवतायत. तुझं नाव आधी घाला म्हणून सांगितलंय मी."

कमलाला दुसरीकडे काम मिळेपर्यंत त्या पानिपतच्या खेपा घालत राहिल्या. मग राजीनामा देऊन गेल्या. माझे फोन त्यांनी कधी उचलले नाहीत. पुरस्कार मिळाला. लाज वाटत होती, तरी नवी साडी नेसून मी तो घ्यायला गेले. मी जाणार, हे बाई ओळखून होत्या.