थोरल्याचं झबलं

वेखंडाचा वास आला की मला आमच्या अमळनेरच्या घरातली पत्र्याची पेटी आठवते. तिच्यात सासूबाईंनी आपल्या जुन्या मऊ लुगड्याचं शिवलेलं पिवळं झबलं होतं. माझा पहिला मुलगा जन्मला आणि दवाखान्यातच वारला, ते झबलं त्याच्या अंगात घालायचं राहूनच गेलं. पुढे मुलगी झाली. एक लेकरू गेलं की पुढच्याला मागून आणलेले कपडे घालायचे, ही आमच्याकडची रीत, म्हणून पाचवीला सासूबाई शेजारच्या लेकुरवाळीकडे झबलं मागायला निघाल्या. मी बाजेवरूनच म्हणाले, "बाई, मागायचं कशाला? धाकटं लेकरू थोरल्याचंच घालतं ना?" आणि पेटीकडे बोट केलं. त्या उंबऱ्यातच थांबल्या. मग मागे फिरल्या, झबलं काढलं, शेगडीवर धरून ऊनऊन केलं आणि स्वतःच्या हातानं तिला घातलं. "भाऊनं शे," भावाचंच आहे, म्हणाल्या, "मंग तिले बराबर व्हई." बाह्या एवढ्या लांब, की तिची बोटंसुद्धा दिसेनात. काल पेटी आवरताना लेकीनं तेच झबलं उचलून हुंगलं आणि विचारलं, "आई, हे माझं होतं?" मी म्हटलं, "आधी दादाचं. मग तुझं."