तीन कडा

आत्या तीस वर्षं लोकांच्या शेतात खुरपतेय. लव्हाळा नावाचं तण आणि कोवळा कांदा लांबून सारखेच दिसतात, म्हणून तिच्यासोबत कामाला गेले त्या पहिल्याच दिवशी मी कांद्याची अर्धी ओळ उपटली. आत्या ओरडली नाही. ओरडायलाही अंगात जीव लागतो. तिने लव्हाळ्याचा दांडा माझ्या चिमटीत दिला.

"फिरव. तीन कडा लागल्या की तण. कांद्याची पात गोल."

पुढचा दांडा तिने स्वतःच्या ओठावर फिरवून पाहिला.

"बोटांना नाही कळत?" मी विचारलं.

"बोटं कधीच झिजली. आता ओठांवर भागवते."

"पण उपटला की संपला ना?"

आत्या कंबर धरून उठली.

"मुळाची गाठ जमिनीतच राहते, बाई. दरवर्षी तो परत येतो, म्हणून तर मला परत बोलावतात."