धाकट्या आकाशगंगेचं काय होतं?

आप्पा गेले ते उन्हं कलताना. नेमकी आमची दोघांची जेवायची वेळ. त्यांचं ताट मी पुसून ठेवलं होतं...

आप्पा माझे सासरे, कळसाडीच्या शाळेत मास्तर. मी शहाद्याच्या मारवाडी जैन दुकानदाराची मुलगी. महाराष्ट्र व्हायच्या आधीची गोष्ट. त्यांच्या मुलाशी लग्न केलं आणि माहेरचं दार बंद झालं. येताना सोबत आणलं ते एवढंच, दिवस मावळल्यावर अन्न न घेण्याचं व्रत. इकडे माणसं कापसाच्या शेतातून अंधारात परतत, आणि घरातलं मोठं माणूस जेवल्याशिवाय सुनेनं जेवायचं नाही. मग काय, मी उपाशीच निजायचे. सासूबाई म्हणत, "आठे हाई चालाव नही," इथे हे चालायचं नाही. आमचे हे आईपुढे ब्र काढत नसत. व्रत सोडायचं की घर, एवढंच ठरवायचं राहिलं होतं.

एके दिवशी आप्पा शाळेतून आले ते थेट चुलीपाशी पाट टाकून बसले. "वाढ वो बेटी. आज लवकर भूक लागनी." दुसऱ्या दिवशीही लागली, मग रोजच लागू लागली. सासूबाईंनी टोमणा मारला तर म्हणाले, "लवकर जेवनं म्हंजे तारा देखाले येळ भेटस."

आणि खरंच, जेवून आम्ही अंगणात तारे बघत बसत असू. एकदा त्यांनी धुळ्याहून मागवलेल्या मासिकातला फोटो दाखवला. एका आकाशगंगेला लांब शेपूट फुटलेलं, कडेला पुसट कमानी. "दोन आकाशगंगा, एक मोठी नि एक धाकटी, एकमेकींत शिरल्या की असं होत असावं, वाद अजून मिटलेला नाही," आप्पा शाळेतल्या मराठीत सांगू लागले. तारे सहसा आदळत नाहीत, मधे अफाट मोकळी जागा असते. पण ओढाताणीत त्यांचे लांबच लांब पट्टे निघतात. मी विचारलं, "धाकटीचं काय होतं, आप्पा? मोठी तिला गिळते?" ते घरच्या बोलीत म्हणाले, "गियस खरी. पन तिना तारा तिनीच चालवर फिरतस, बेटी. मोठीनं रूपबी बदली जास." म्हणजे धाकटीचे तारे आपली चाल सोडत नाहीत, आणि मोठीचंही रूप बदलतं. त्या संध्याकाळी मी ठरवलं, घरही सोडायचं नाही आणि व्रतही नाही. इतकी माया मला माहेरीही कुणी केली नव्हती.

क्रियाकर्म उरकेपर्यंत संध्याकाळची मी जेवलेच नाही. माझ्याआधी आता बसणार कोण? परवा उन्हं कलली, तर सासूबाईंनी आप्पांचाच पाट मांडला, स्वतः त्यावर बसल्या, भाकरीचा पहिला घास घेतला आणि बुडत्या दिवसाकडे बघत माझं ताट पुढे सरकवून म्हणाल्या,

"आते बस ना. दिन बुडी ऱ्हायना."